अहोच्या पुढचं

बापू माणसाच्या डोळ्यांत बघून बोलत नसत, ओठांकडे बघत. समोरचा काय म्हणतोय यापेक्षा तो ते तोंडाच्या कुठल्या कोपऱ्यातून म्हणतोय, याकडे त्यांचं लक्ष. मी तेव्हा बावीस वर्षांची, नाकावर राग घेऊन हिंडणारी, कळवणहून नाशिकला मावशीकडे नुकतीच आलेली. पहिल्याच भेटीत हा साठीला टेकलेला गृहस्थ माझ्या ओठांकडे टक लावून बघतोय म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं. बाहेर आल्या आल्या मावशीला म्हटलं, "हा माणूस काही बरा नाही. तुझी कवळी दुसरीकडे करून घे." मावशी बोळक्या तोंडानं खदखदून हसली. म्हणाली, "अगं बाई, तो कवळ्या करतो. तोंडाकडे नाही बघणार तर काय पायांकडे बघेल?"

रघुनाथ अहिरे त्यांचं नाव, पण भद्रकालीतल्या त्या बोळात सगळे त्यांना कवळीवाले बापू म्हणत. दोन खोल्यांची जागा. पुढच्या खोलीत काम, मागच्या खोलीत संसार, मधे एक फुलाफुलांचा पडदा. पुढच्या खोलीत फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, प्रत्येकाखाली पेन्सिलीनं नाव. शहरातली निम्मी प्रतिष्ठित तोंडं तिथं आ वासून बसलेली असत. कोपऱ्यात पॉलिशची मोटर, ती दिवसभर घरघरत असे. बापू दातांचे डॉक्टर नव्हते. डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवत, बापू त्यावरून दात बसवत. पण कवळी नीट बसली की नाही ते बघायला बरेच डॉक्टर पेशंटलाच बापूंकडे धाडत, कारण बापूंची परीक्षा वेगळी होती. ते कवळी तोंडात घालायला लावत आणि म्हणत, "आता बोला, फणसाची फोड सासूला, साल सुनेला." फ नीट आला तर वरचे दात जागेवर. स नीट आला तर दातांमधली फट बरोबर. मावशीचा फ शिट्टी वाजवत बाहेर पडला. बापूंनी कवळी काढून घेतली, कानशीनं दोनदा घासली, परत दिली. दुसऱ्यांदा सासूला फणसाची फोड व्यवस्थित मिळाली.

मावशीच्या तिसऱ्या खेपेला मी बाकावर बसून स्वतःशीच इंग्रजी पुटपुटत होते. त्याला कारण होतं. अंबडच्या एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटरची जागा होती. माल परदेशी जायचा, फोन तिकडून यायचे. मी बीए, तेही इंग्रजी घेऊन. व्याकरणात मला कुणी हरवून दाखवावं! पण मुलाखतीत साहेबांनी मला शेजारच्या खोलीत बसवून फोनवर बोलायला लावलं आणि पाच मिनिटांनी बोलावून म्हणाले, "बाई, तुमचं इंग्रजी चांगलं आहे हो, पण ते मला कळतं. तिकडच्या माणसाला नाही कळायचं. दोन-तीन महिन्यांनी बघू." त्या दिवशी अंबडहून इंदिरानगरला मावशीच्या घरापर्यंत मी चालत आले, रागारागात. तेव्हापासून एकच चाळा, येता-जाता तीच वाक्यं घोकायची.

"तो व नाही." बापू मान वर न करता म्हणाले.

"काय?"

"तू म्हणती तो इंग्रजांचा व नाही. ओठाला दात लागला नाही."

"मी बीए आहे," मी म्हटलं. "इंग्रजी घेऊन."

"असशील की. पण दात नाही लागला."

मग त्यांनी तोंड उघडून फक्त तेवढा एक ध्वनी काढला. वरचे दात खालच्या ओठावर हलकेच टेकलेले आणि मधून भुंग्यासारखा आवाज. असा स्वच्छ व मी आमच्या कॉलेजातल्या एकाही प्राध्यापकाच्या तोंडून ऐकला नव्हता. पाठोपाठ त्यांनी ओठांचा चंबू करून दुसरा व काढला, दात कुठंच न लावता. "हे दोन वेगळे शेत," ते म्हणाले. बापू सटाण्याकडचे. एरवी शहरातलं बोलत, पण रंगात आले की अहिराणी बाहेर पडे, 'आहेत'चं 'शेत' होई. "आपण दोन्हींचं एकच करून टाकलं. आपलं भागतं. त्यांचं नाही भागत."

गंमत म्हणजे बापूंना इंग्रजीतलं एक वाक्य धड येत नव्हतं. सातवीनंतर शाळा सुटलेली. 'आय इज' म्हणायलाही ते कचरले नसते. पण एकेक व्यंजन असं खणखणीत, की डोळे मिटून ऐकलं तर वाटावं साहेबच बोलतोय. माझं बरोबर उलटं. वाक्य बिनचूक आणि आवाज कळवणच्या बाजारातला. दुसऱ्या दिवशी मी राग गिळून एकटीच गेले आणि म्हटलं, "बापू, मला शिकवा."

"फी काय देशील?"

"काय घ्याल?"

"रोज तासभर इथं बसायचं. मोठ्यानं बोलायचं. आत ऐकू गेलं पाहिजे." आत म्हणजे कुठं, कुणाला, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

शिकवणी म्हणावी तर ती अजबच होती. वही नाही, पुस्तक नाही. एक आरसा, कागदाच्या पट्ट्या, प्लास्टरचा एक जबडा आणि कवळीचा चावा बघायचा निळा कागद. तो कागद ते माझ्या वरच्या दातांच्या कडेला घासायला लावत. मग व म्हणायचा. खालच्या ओठावर निळी रेघ उमटली तर खरा, नाही तर परत. पहिल्या आठवड्यात मी शालिमारच्या बस थांब्यावर निळ्या ओठांनी उभी असायचे. बायका बाजूला सरकून बसायच्या.

ट साठी जबडा. बापू बोट लावून दाखवत. "आपला ताटातला त इथं, दाताला. आपला टमाट्यातला ट तिथं वर, जीभ उलटी करून. इंग्रजांचा ट या दोन्हींच्या मधे. दातांच्या मागं हा वरंबा शे ना, त्यावर. वरंब्यावर पाय ठेवायचा, सरीत नाही उतरायचं." शेतकऱ्याच्या पोरीला याहून सोपं काय सांगणार? आणि प, ट, क शब्दाच्या सुरुवातीला आले की त्यांच्यामागून वारा सुटतो, तो बघायला कागदाची पट्टी. ओठांसमोर धरायची. आपल्या 'पाणी'नं पट्टी जेमतेम हलते, इंग्रजांच्या 'पेन'नं फडकली पाहिजे. मी इतकी फडकावली, इतकी फडकावली, की एकदा जेवताना मावशीकडे चक्क 'फाणी' मागितलं. मावशी म्हणाली, "नोकरी लागायच्या आधीच ही अवस्था!"

"जीभ बाहेर काढायला लाजती," ते थ शिकवताना कुरकुरत. "लहानपणी कुणाला वेडावून दाखवलं नाही का? तेच कर. दातांमधून जरा बाहेर, बस्स." आणि मी कपाळाला आठ्या घालून, मुठी वळून प्रत्येक व्यंजन जागेवर बसवायला लागले की हमखास म्हणत, "अजून नाही आलं. कष्ट दिसतात. पोरी, कवळी बसली हे कधी समजतं? माणूस ती काढायची विसरून झोपतो तेव्हा. तसंच हे. विसरशील तेव्हा आलं म्हणायचं."

पडद्यामागे कुणीतरी आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. बांगड्या वाजत, स्टोव्ह पेटे. मधूनच "अहो" अशी हाक येई. अगदी स्पष्ट, गोड हाक. पण त्या 'अहो'च्या पुढे जे येई ते नाकातून, घोगरं, एकात एक मिसळलेलं, काही म्हणता काही कळत नसे. बापू आत जात. आतून कधी भांड्याचा आवाज, कधी पंख्याचा. बाहेर येत तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला असे. मला वाटलं, बापूंची बायको असणार; काकी बिचाऱ्या तोतऱ्या असतील.

एके दिवशी "अहो" झालं, बापू आत गेले, पाण्याचा पेला भरल्याचा आवाज आला. लगेच परत "अहो", जरा चिडून. मग गोळ्यांची डबी. मग परत "अहो", आणि या वेळी त्यात रडू होतं. बापू बाहेर येऊन बाकावर बसले. त्या दिवशी ते पहिल्यांदा माझ्या ओठांकडे न बघता बोलले.

काकींना तंबाखूच्या मिश्रीची सवय होती. चार वर्षांपूर्वी वरच्या टाळूला गाठ आली. मुंबईला ऑपरेशन झालं, अर्धी टाळू काढून टाकली. जीव वाचला, पण तोंडातून नाकात जायला भोक राहिलं. बोलायला गेलं की सगळा वारा नाकातून निघून जातो. "प नाही, ट नाही, क नाही. काहीच धरून राहत नाही," बापू म्हणाले. "फक्त 'अहो' तेवढं राहिलं. त्याला टाळू लागतच नाही ना. देवानं सगळं नेलं आणि मला हाक मारायची तेवढी ठेवली. पण अहोच्या पुढं काय ते माले समजत नही. बत्तीस वर्षं माझ्याशी बोललेली बाई, आता ती हाक मारते आणि मी अंदाज करतो. पाणी? गोळी? पंखा? आता तिला काय पाहिजे होतं माहितीय? खिडकी लावायची होती. ऊन डोळ्यावर येत होतं."

मुंबईहून भोक झाकायला पट्टी दिली होती, कवळीसारखीच. ती बसत नव्हती, बोलताना खाली यायची. मग बापूंनी स्वतः करायला घेतली. कुठं किती जाड ठेवायचं, कुठं घासायचं हे कळायला आधी कुठला ध्वनी कुठून येतो ते कळायला हवं. ओळखीच्या डॉक्टरांनी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक दिलं, त्यात जिभेची चित्रं. शब्दकोश घेऊन एका पानाला एक आठवडा. पुस्तकातली व्यंजनं इंग्रजांची, म्हणून बापू आधी ती शिकले, आरशासमोर, एकेक करून. मग त्यावरून आपली ताडून बघितली. कागदाची पट्टी, नाकाखाली धरायचा आरसा, निळा कागद, सगळं काकींसाठी शोधलेलं होतं. मी त्यातलं उष्टं शिकत होते.

"मग मला मोठ्यानं बोलायला का लावता?" मी विचारलं.

"ती चार वर्षं आरशासमोर बसायला तयार नाही. तोंडाला पदर लावून बसते. म्हटलं, एवढी शिकलेली पोरगी रोज चुकते, रोज परत म्हणते, हे ऐकून तिची भीड चेपली तर चेपली."

असा होता माझ्या बीएचा उपयोग! मी रागावायला हवं होतं. पण मी आरसा जवळ ओढला आणि नेहमीपेक्षा मोठ्यांदा थ म्हणायला लागले.

भीड चेपली ती मात्र माझ्या ओठांमुळे. एकदा निळा कागद जरा जास्तच घासला गेला. ओठ, हनुवटी, नाकाचा शेंडा, सगळं निळं. तेवढ्यात काकी चहाचा कप ठेवायला पडद्याबाहेर आल्या. माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडावरून खाली सोडून हसत सुटल्या. नाकातून विचित्र आवाज येत होता हसण्याचा, पण त्यांना त्याचं भान नव्हतं. बापू कानस हातात धरून त्यांच्याकडे बघतच राहिले. दुसऱ्या दिवशी बाकावर मी एका टोकाला आणि काकी दुसऱ्या टोकाला. मधे आरसा.

त्या दोन महिन्यांसारखे दिवस मला परत मिळाले नाहीत. मी इंग्रजांचा प म्हणायचे, काकी आपला. माझी पट्टी फडकायची, काकींची लटकलेली. बापू त्यांच्या तोंडातून टाळूची पट्टी काढून घेत, मेणाचा कण लावत, परत देत. "आते बोल." नाकाखाली आरसा धरत. आरशावर वाफ आली म्हणजे वारा अजून पळतोय. ज्या दिवशी 'पापड' म्हणताना आरसा कोरडा राहिला आणि कागद दोनदा हलला, त्या दिवशी काकींनी दुपारभर पापड, पापड, पापड म्हणून आम्हाला वेड लावलं. मग त आला, मग द, मग च. बापू म्हणत, "बाळ ओठांनी सुरू करतं, आपणही ओठांनी सुरू करायचं. मागच्या अंगाला सगळ्यात शेवटी जायचं." मागचं अंग म्हणजे क, ख, ग, घ. काकींची टाळू नेमकी मागेच जास्त गेली होती.

डिसेंबरात अंबडच्या साहेबांनी मला परत बोलावलं. परत शेजारची खोली, परत फोन. संध्याकाळी मी पेढे घेऊन भद्रकालीत गेले. बापूंनी विचारलं, "व आला का?" मी म्हटलं, "अय्या! माझ्या लक्षातच नव्हतं हो." बापू म्हणाले, "मग आला." काकींनी पेढा घेतला आणि हळूहळू, एकेक अक्षर जागेवर ठेवत म्हणाल्या, "पेढा छान आहे." पेढ्यापेक्षा ते वाक्यच मला गोड लागलं.

त्याच महिन्यात कंपनीत एक इंग्रज पाहुणा आला आणि पाहुणचाराच्या चिक्कीनं त्याची कवळी मधोमध मोडली. साहेबांची पळापळ झाली. मी त्याला रिक्षात घालून बापूंकडे नेलं. बापूंनी तासाभरात कवळी सांधली, त्याच्या तोंडात घातली आणि इंग्रजीतले दोन-चार आकडे स्वतः म्हणून दाखवले, मागोमाग त्यानं म्हणायचे. ते आकडे ऐकून पाहुणा चाटच पडला. त्याला वाटलं, हा माणूस आपल्याकडचंच पाणी प्यायलेला. मग तो जो सुटला तो पाऊण तास बोलत होता, हवापाणी, घरदार, आपले दात. बापू माना डोलवत होते. शेवटी त्यानं विचारलं, एवढे सुंदर उच्चार तुम्ही कुठं शिकलात? मी भाषांतर करून सांगितलं. बापूंनी पडद्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "वाइफ." पाहुण्यानं पडद्याच्या दिशेनं वाकून नमस्कार केला. आतून बांगड्या वाजल्या.

संक्रांत जवळ आली तशी काकींनी एक दिवस जाहीर केलं, या वर्षी हळदीकुंकू करायचं. चार वर्षं त्या कुणाकडे गेल्या नव्हत्या, कुणाला बोलावलं नव्हतं. गेलं की बायका म्हणणार, नाव घ्या. नवऱ्याचं नाव उखाण्यात घ्यायचं आणि ते घेता येत नाही म्हणून सगळ्यांसमोर मान खाली घालायची, त्यापेक्षा घरी बसलेलं बरं. आता मात्र त्यांच्या मनानं घेतलं होतं. "नाव घेणार मी," त्या म्हणाल्या.

बापूंचा आनंद मावेना आणि काळजीही मावेना. कारण रघुनाथ. त्यात घ. 'घर' म्हणताना काकींचा घ येई. 'वाघ' म्हणताना येई. 'घागर' म्हणताना दहातून आठ वेळा येई. पण नावात र आणि उ यांच्या मधे तो कसा येतो, हे कळायला काकींनी ते नाव बापूंसमोर म्हणायला हवं. आणि ते तर काकींनी लग्नापासून आजवर उखाण्याबाहेर एकदाही उच्चारलं नव्हतं. बापूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तू म्हणवून घे तिच्याकडून. मी बाहेर जातो. तू फक्त नाकाखाली आरसा धर आणि मला सांग."

मी आत जाऊन काकींना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्यांना देवघरात चपला घालून जायला सांगितलं होतं.

"अगं, सरावाला कुणी नाव घेतं का?"

"पण काकी, घ बघायचाय."

"ज्या दिवशी घ्यायचं त्या दिवशी घेईन. येईल तसा येईल."

बापू बाहेर डोक्याला हात लावून बसले. "सगळ्या नाशिकचे दात मी बोलवून बघून बसवले," ते म्हणाले, "आणि घरातलं एक नाव मला बोलवून बघता येत नाही."

संक्रांतीच्या संध्याकाळी मागच्या खोलीत पंधरा-वीस बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. पुरुषांचं तिथं काम नव्हतं, म्हणून बापू पुढच्या खोलीत, पडद्यापलीकडे. पॉलिशची मोटर घरघरत होती. सणाच्या संध्याकाळी कसली पॉलिश करत होते देव जाणे. तिळगूळ झाला, वाण झालं, आणि शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "काकी, आता नाव घ्या बरं."

मोटर बंद झाली.

काकी उभ्या राहिल्या. पदर तोंडावर नव्हता, खोचलेला होता. त्यांनी एकदा पडद्याकडे बघितलं.

"दुखण्यानं नेलं बोलणं, त्यांनी सोडली नाही साथ,
तिळगूळ घ्या, गोड बोला, सांगतात रहुनाथ."

सगळं आलं. द आला, ख आला, ण आला, ग आला, थ सुद्धा आला. फक्त नावातला घ निसटला आणि त्याच्या जागी नुसता श्वास आला. रहुनाथ. बायकांच्या ते लक्षातही आलं नाही. त्यांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी डोळे पुसले. वहिनी म्हणाल्या, "उखाणा कुणाचा हो? स्वतः केलेला?" काकी लाजून हसल्या. मी पडद्याकडे बघत होते. मोटर काही परत सुरू झाली नाही.

बायका गेल्यावर बापू आत आले. हातात कानस. "घ राहिला," ते म्हणाले. "मागच्या बाजूला जरा कमी पडतंय. आण ती पट्टी. अर्ध्या तासाचं काम शे."

काकींनी दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबून धरले, पोरं औषध नको म्हणून धरतात तसे. मग हात काढून म्हणाल्या, "अहो, राहू द्या. तुम्ही सगळं नीट केलंत. एवढं माझं मला राहू द्या."

बापू कानस हातात धरून उभे राहिले. अहोच्या पुढचं एवढं लांब, एवढं सबंध वाक्य त्यांनी चार वर्षांनी ऐकलं होतं, आणि त्यात कुठंच अंदाज करायला जागा नव्हती. त्यांनी कानस खिशात घातली. मी तिळगुळाचा डबा आवरायच्या निमित्तानं बाहेर सटकले.

पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं आणि मी नोकरी सोडून बंगळूरला गेले. दोन वर्षांनी मावशीचं पत्र आलं. काकींचं दुखणं परत उलटलं होतं, या वेळी घशात. गेले काही आठवडे पट्टी तोंडात राहत नव्हती. परत नुसतं 'अहो' उरलं होतं. मावशीनं लिहिलं होतं, बापू आता मुळीच अंदाज करत नाहीत, नुसते जवळ जाऊन बसतात, आणि तेच काकींना हवं असतं. ते पत्र मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचलं आणि कणीक मळायची राहिली.

काकी गेल्यावर एकदा नाशिकला गेले तेव्हा भेटून आले. फळीवर जबड्यांच्या ओळीत काचेचा पेला होता, पाण्यात काकींची ती गुलाबी पट्टी. कवळी कोरडी पडली तर वाकडी होते, म्हणून पाण्यात ठेवायची. पण ही कुणासाठी सरळ ठेवायची होती? बापूंनी माझ्यासमोर पेल्यातलं पाणी बदललं. "रोज बदलतो," एवढंच म्हणाले. मी पायरीवर येऊन खूप रडले. त्या बोळातून अजूनही मला चालवत नाही.

मग मुलं झाली, बदल्या झाल्या. बंगळूरला मी एका कंपनीत परदेशी फोन घेणाऱ्या पोरांना उच्चार शिकवायला लागले. निळा कागद मी दातांच्या दवाखान्यातून मागून आणते. आरसा, कागदाच्या पट्ट्या, सगळं तेच. वरंब्यावर पाय ठेवा म्हटलं की शहरातली पोरं एकमेकांकडे बघतात. एका दिवाळीला मावशीनं बापूंचा मोबाइल नंबर दिला. त्यांच्या पुतण्यानं त्यांना फोन घेऊन दिला होता. कित्येक वर्षांत त्यांचा आवाज ऐकला नव्हता. मी लगेच नंबर फिरवला.

"हॅलो," पलीकडून आवाज आला. "रहुनाथ अहिरे."

बापूंचा घ गेला? ज्यांनी सगळ्या गावाची तोंडं नीट केली त्यांचाच? मनात नको नको ते आलं. म्हटलं, "बापू, मी वैशाली. तुम्ही दात काढलेत का हो? की तुमच्याही टाळूला काही झालंय?"

"नाही गं पोरी. सगळे दात जागेवर शेत."

"मग नावातला घ?"

बापू, मी परीक्षा घेत असल्यासारखे, एकापाठोपाठ एक म्हणाले, "घर. वाघ. घागर." प्रत्येक घ खणखणीत, मागच्या अंगाला बरोबर टेकलेला. मग थांबले आणि म्हणाले, "रहुनाथ."

मला बोलायचं होतं, पण एकही व्यंजन जागेवर सापडेना.

"ती गेल्यावर पहिल्या पहिल्यांदा मुद्दाम म्हणायचो," बापू म्हणाले. "कुणी नाव विचारलं की थांबायचो, आठवायचो, ती कसं म्हणाली होती, मग तसं म्हणायचो. तुला सांगितलं होतं ना, विसरलं की आलं म्हणायचं?"

"हो बापू."

"आते याद करनं पडत नही, पोरी. आपोआप येस."